जो प्रयोग कोणी लिहून ठेवत नाही

एक आरोग्यलेखक हल्ली व्याख्यानांतून सांगत सुटले आहेत की, दवाखान्यात ‘संशोधनासाठी रुग्ण हवेत’ असं पत्रक दिसलं तर पाठ फिरवून चालू लागावं. त्यातही दुखणं प्रोस्टेटचं, मुतखड्याचं, लघवीवर ताबा न राहण्याचं किंवा अंग बाहेर येण्याचं असेल, तर तिथे थांबूही नये. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: संशोधनात शिरलेला रुग्ण म्हणजे कंपन्यांचा गिनिपिग, निम्म्या लोकांना खोटी गोळी देऊन फसवतात, कमरेखालच्या दुखण्यांचा असा जाहीर पुकारा असभ्य, आणि अनुभवी डॉक्टर हाताशी असताना ही उठाठेव हवीच कशाला? या मांडणीला टाळ्या पडतात. पण ती ऐकून दुखणाईत माणसं घाबरतात, म्हणून तिचा समाचार घेणं भाग आहे.

गिनिपिगचा मुद्दा त्यांचा सर्वांत लाडका. त्यामागचा इतिहास खोटा नाही. 1845 ते 1849 या काळात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमरी इथे, जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामधला पडदा फाटून त्यांची लघवी सतत गळत होती. भूल न देता त्यांना कापलं गेलं. अनार्का नावाच्या एकाच तरुणीवर सुमारे 30 वेळा. ‘नको’ म्हणण्याचा हक्क त्यांच्यापैकी एकीलाही नव्हता. 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून सिम्सचा पुतळा हटवला गेला, ते योग्यच झालं. इथपर्यंत मी या लेखकांशी सहमत आहे. पण यातून धडा निघतो तो संमतीचा. प्रयोगच बंद करा, असा धडा त्यांनी कुठून काढला?

प्रयोग टाळले की काय होतं, ते योनिमार्गातून बसवलेल्या जाळीने दाखवून दिलं आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाले की गर्भाशय किंवा मूत्राशय खाली सरकतं. त्याला आधार म्हणून प्लॅस्टिकची जाळी बसवण्याची टूम निघाली. 2002 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कामासाठी पहिल्या जाळीला परवानगी दिली. कशाच्या बळावर? बाजारात आधीपासून असलेल्या जाळ्यांसारखीच ही आहे, एवढ्याच बळावर. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत तसल्या जाळ्या वापरात होत्याच. अंग बाहेर आलेल्या बायकांवर रीतसर चाचणी करून दाखवा, ही अट कोणी घातली नाही. जाळ्या खपल्या, देशोदेशी बसवल्या गेल्या. काहींची जाळी योनिमार्गाची भिंत कापत बाहेर आली. काहींना धड बसता येईना, कित्येकींचा संसार वेदनेत बुडाला, आणि मांसात रुतलेली जाळी पूर्ण काढणंही कठीण. 2011 मध्ये त्याच प्रशासनाला कबूल करावं लागलं की गंभीर गुंतागुंती विरळ नाहीत. ब्रिटनमध्ये 1,300 हून अधिक स्त्रियांच्या सहभागाने चाचणी झाली, तेव्हा कळलं की पहिल्या दोन वर्षांत जाळीने साध्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक गुण येत नाही, उलट दहात एकीहून अधिक जणींना जाळीचाच त्रास होतो. 2018 मध्ये ब्रिटनने जाळीचा वापर थांबवला. 2019 मध्ये अमेरिकेत या कामासाठी तिची विक्री बंद झाली.

आता सांगा, गिनिपिग कोण झालं? चाचणीत सही करून गेलेल्या स्त्रिया, की नेहमीचा उपचार समजून टेबलावर झोपलेल्या? दुसऱ्या गटावरही प्रयोगच झाला. फरक इतकाच की त्याची नोंद कोणी ठेवली नाही आणि त्यांना हा प्रयोग आहे हे सांगितलंही नाही. या लेखकांचा राग मात्र चाचणीवर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

खोट्या गोळीचं म्हणाल, तर 2015 मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधली मुतखड्याची चाचणी पाहा. मूत्रनलिकेत अडकलेला 10 मिलिमीटरपर्यंतचा खडा पडावा म्हणून टॅम्सुलोसिन हे औषध सर्रास दिलं जात होतं. टॅम्सुलोसिनवाल्यांत आणि खोटी गोळी घेतलेल्यांत, दोन्हीकडे सुमारे 80 टक्के लोकांना चार आठवड्यांत पुढच्या उपचाराची गरज पडली नाही. ते औषध लिहून देणारे डॉक्टर अनुभवीच होते. अनुभवी डॉक्टर असताना चाचणी कशाला, या चौथ्या मुद्द्याचं उत्तरही त्यातच आलं.

असभ्यतेचा वाद तर फार जुना. खेड्यातल्या बायकांना असली दुखणी असती तर त्या बोलल्या नसत्या का, असं शहाणेसुरते लोक विचारत. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीचा अभ्यास आला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. 92 टक्क्यांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि याआधी तपासणी-उपचार झाले होते जेमतेम 8 टक्क्यांचे. त्या गप्प होत्या, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. लाजेच्या नावाखाली पुन्हा तसंच गप्प बसवणं कशासाठी?

मग करावं काय? रुग्णांनी संशोधनात जावं, पण डोळे उघडे ठेवून. ब्रिटनमध्ये प्रोस्टेटपुरता मर्यादित कर्करोग असलेल्या 1,643 पुरुषांनी शस्त्रक्रिया, किरणोपचार की नुसती निगराणी, याचा निर्णय चिठ्ठीवर सोडायला मान्यता दिली. 15 वर्षांनंतर त्या कर्करोगाने झालेले मृत्यू तिन्ही गटांत 3 टक्क्यांच्या आसपास होते. निगराणीत आजार पसरण्याचं प्रमाण जास्त आणि शस्त्रक्रियेनंतर लघवी गळण्याचा त्रास जास्त, हेही समजलं. आज एखादा म्हातारा घाईने कापून घ्यायचं की थांबायचं हे विचार करून ठरवू शकतो, ते या 1,643 जणांमुळे.

आपल्याकडे 2019 च्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. नैतिकता समितीची मंजुरी लागते, सरकारी नोंदवहीत चाचणीची नोंद लागते आणि ती कोणालाही पाहता येते. हे नियम कागदावर राहू नयेत म्हणून भांडायला मी या लेखकांबरोबर येईन. पण सही करायची की नाही, हे मराठीतलं संमतीपत्र वाचून, प्रश्न विचारून, रुग्णाने स्वतः ठरवायचं आहे. त्याच्या वतीने परस्पर नकार देऊन टाकण्याचा अधिकार कोणत्याही लेखकाला नाही.