जळणाऱ्या पदार्थांचे धर्म

वाळलेला पेंढा क्षणांत भडकतो आणि खैराचा ओंडका रात्रभर धुमसतो. अग्नि एकच असतां हा भेद पडतो तो जळणाऱ्या वस्तूच्या धर्मामुळें. प्रशस्तपादाच्या वैशेषिक ग्रंथाचें नांव ‘पदार्थधर्मसंग्रह’ असें आहे. आगीचें गणित संगणकावर मांडणाऱ्यांस आज असाच एक संग्रह लागतो. मात्र तो अंकांचा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें इ. स. २००० मध्यें असें गणित करणारी एक आज्ञावली प्रसिद्ध केली. खोलीचे लहान लहान खण कल्पून प्रत्येकांतील ज्वाला, धूर व उष्णता यांची गति ती क्षणोक्षणीं मांडते. परंतु भिंत कशाची व छप्पर कशाचें, हें तिला आपण सांगावें लागतें. घनता, विशिष्ट उष्णता, उष्णतावाहकता, पेट घेण्याचें तपमान आणि जळतांना बाहेर पडणारी उष्णता हे त्यांतील मुख्य धर्म होत. सुकें लांकूड किलोमागें सुमारें १८ मेगाज्यूल उष्णता देतें, तर पॉलिथिन सुमारें ४३.

हे अंक मिळवावे कसे? इ. स. १९८२ मध्यें बाब्राउस्कस यांनीं सिद्ध केलेल्या शंकु-उष्णतामापकाखालीं पदार्थाचा दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचा तुकडा तापवितात, त्याचें घटणारें वजन टिपतात आणि निघणाऱ्या धुरांत प्राणवायु किती कमी झाला तें पाहतात. बहुतेक सेंद्रिय पदार्थ जळतांना खर्च झालेल्या किलोभर प्राणवायूमागें सुमारें १३.१ मेगाज्यूल उष्णता निघते. थॉर्न्टन यांनीं इ. स. १९१७ मध्यें दाखविलेल्या या नियमामुळें प्राणवायु मोजला कीं उष्णता कळते.

तथापि परक्या कोष्टकांतील अंक आपल्या घरास लावणें धोक्याचें आहे. डहाणू तालुक्यांतील कासा गांवाच्या परिसरांतील जुन्या धर्तीचीं वारली घरें घ्या. भिंती कारवीच्या कुडाच्या, वर माती-शेणाचा लेप. पाइनच्या जाड फळीचा हिशेब कारवीच्या बारीक काठीस चालत नाहीं. ती लौकर आरपार तापते. लेप धड असेल तोंवर आंच आंत पोंचण्यास वेळ लागतो. तो जेथें निखळला तेथें कारवी उघडीच पडते. वैशाखांतला पेंढा आणि श्रावणांतला पेंढा यांचेहि अंक निराळे, कारण ओल्या पेंढ्यांतील पाणी आधीं वाफ होऊन जावें लागतें. त्यावर प्लॅस्टिकचें आच्छादन अंथरलें, तर त्याचे जळते थेंब खालीं गळूं लागतात व सारा हिशेबच पालटतो.

मुंबईच्या कमला मिल आवारांत २९ डिसेंबर २०१७ रोजीं गच्चीवरील उपाहारगृहांत लागलेल्या आगीनें १४ जीव घेतले. अशा प्रसंगीं बाहेर पडण्यास किती मिनिटें मिळतील, हेंच या गणितानें आधीं सांगावयाचें असतें. अंक चुकीचा घातला तरी यंत्र आपलें रंगीत चित्र तितक्याच ठामपणें दाखवितें; चुकीचें फळ मात्र घरांतील माणसें भोगतात.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतील. त्यांस आमची एवढीच सूचना आहे, कीं संगणकापुढें बसण्यापूर्वीं कारवीची काठी, लेपाचा पोपडा व पेंढ्याची मूठ प्रयोगशाळेंत न्यावी. वजन, जाडी व ओलावा काढणें तर साध्या शाळेच्या प्रयोगशाळेंतहि होतें. आधीं पदार्थाचा धर्म पारखावा. गणित मागून करावें.