सारखा दिसणारा स्क्रू

नवी एअर रायफल हातात आली की आपण आधी बॅरल पाहतो, मग ट्रिगर किती हलका आहे ते पाहतो, मग स्टॉकचे लाकूड. स्क्रू कोणी पाहत नाही. साफसफाईनंतर रायफल जोडताना एखादा स्क्रू, वॉशर किंवा सर्क्लिप सापडली नाही, तर पत्र्याच्या डब्यातून तिच्यासारखी दिसणारी वस्तू काढायची आणि बसवायची, ही पद्धत मी शाळेतही पाहिली आणि सुट्टीत शहरातल्या क्लबातही. माझे स्पष्ट मत आहे की ही पद्धत बंद करावी. त्यात ‘चालतंय की’ म्हणण्यासारखे काही नाही.

मागच्या वर्षी आमच्या टीममधल्या एका रायफलचा ग्रुप दर दहा-बारा शॉटनंतर सरकत होता. नेमबाजाचा श्वास, कोपर, स्लिंग, सगळ्यांना दोष देऊन झाला. शेवटी आर्मरर उस्तादांनी स्टॉकचा पुढचा स्क्रू काढून मोजला. तो मूळ स्क्रूपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब निघाला. कोणीतरी कधीतरी डब्यातून घेऊन बसवलेला. लांब स्क्रूची गंमत अशी की तो भोकाच्या तळाला जाऊन टेकतो. अॅलन की फिरायची थांबते आणि हाताला वाटते, घट्ट झाला. प्रत्यक्षात स्टॉक आणि अॅक्शन यांच्यावर दाब आलेलाच नसतो. आखूड स्क्रू निदान सुटून पडतो तरी. लांब स्क्रू खोटे बोलतो.

एवढ्याने काय होते, असे विचारणाऱ्यांनी साधे गणित करावे. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर ७५ सेंटिमीटर धरा. मागची साइट फक्त ०.१ मिलिमीटर हलली तर टार्गेटवर फरक सुमारे १.३ मिलिमीटरचा पडतो, म्हणजे जवळपास अर्धा गुण. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कोलकात्याचे जॉयदीप कर्माकार ५० मीटर प्रोनमध्ये चौथे आले. कांस्यपदक १.९ गुणांनी हुकले. त्यांच्या रायफलचे काही ढिले होते असे मी म्हणत नाही, अंतर किती कमी असते एवढेच सांगतो. आणि साधनाने दगा दिल्याचे उदाहरण हवे असेल तर टोकियो आठवा. २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, तो काढण्यात वेळ गेला आणि ती ५७५ गुणांवर बाराव्या स्थानी राहिली. अंतिम फेरी दोन गुणांवर होती.

आता मूळ मुद्दा, म्हणजे स्क्रू निवडायचा कसा. माझे आई-बाबा बालीगंजला राहतात, त्यामुळे सुट्टीत गडियाहाटच्या बाजूची हार्डवेअरची दुकाने मी पुष्कळ पालथी घातली आहेत. नमुना दाखवला की दुकानदार डबे चाळून एक स्क्रू पुढे करतो आणि म्हणतो, “होये जाबे.” आपल्याकडचे ‘चालतंय की’ तेच. पण सारखे दिसणारे आटे सारखे नसतात. एम ६ स्क्रूचा व्यास ६ मिलिमीटर आणि पिच १ मिलिमीटर. जुन्या ब्रिटिश पद्धतीतला ० बीए स्क्रूही ६ मिलिमीटरचा आणि पिचही १ मिलिमीटरच. फरक आट्यांच्या कोनाचा आहे: एम ६ चा ६० अंश, बीएचा साडेसत्तेचाळीस. एकाचा नट दुसऱ्यावर थोडा चढतो, मग अडतो, आणि आपण पाना घेऊन जोर लावला की आटे गेलेच. पाव इंची स्क्रूचेही तेच. व्हिटवर्थ आणि अमेरिकन युनिफाइड कोर्स, दोघांचे इंचाला २० आटे, पण एकाचा कोन ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. (१८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून देणारे हे जोसेफ व्हिटवर्थ पुढे रायफलही बनवू लागले. १८६० साली विम्बल्डनच्या स्पर्धेचे उद्घाटन करताना राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडली ती त्यांच्याच रायफलमधून.)

म्हणून डोळ्याने जुळवू नये. व्हर्नियरने व्यास मोजावा, पिच गेजने आटे पाहावेत, लांबी मोजावी, आणि डोक्यावरचा आकडा वाचावा. ८.८ लिहिले असेल तर पहिल्या ८ चा अर्थ ताणशक्ती ८०० मेगापास्कल, १२.९ चा बोल्ट त्याहून कितीतरी मजबूत. आकडाच नसलेला स्क्रू लाकडाच्या फळीला ठीक, रायफलला नाही.

डोळ्याने जुळवण्याची किंमत सर्वांत भयंकर रीतीने कळली ती रायफलमध्ये नव्हे, विमानात. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच सुमारे १७ हजार फुटांवर उडून गेली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले आणि विमान उतरेपर्यंत सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले. ते वाचले, सगळे प्रवासीही वाचले. आदल्या दिवशी काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट फक्त ०.६६ मिलिमीटर बारीक लागले होते. बसवणारा माणूस अनुभवी होता. त्याने जुना बोल्ट हातात धरून शेजारी नवा धरला आणि सारखा दिसतो असे ठरवले. पुस्तिका उघडली असती तर नंबर तिथे होता.

दुसऱ्या बाजूला, एक छोटा स्क्रू विचारपूर्वक बसवला तर काय होते तेही कोलकात्याजवळच पाहायला मिळते. सियालदाहून मेन लाइनच्या लोकलने गेले की ईशापूर लागते. तिथल्या रायफल फॅक्टरीत .३०३ एनफिल्ड बनत. तिच्या पुढच्या लाकडाला चीर जाऊ नये म्हणून कारखान्याने लाकडातून आडवा जाणारा एक जादा स्क्रू टाकला. जगभरचे जुन्या रायफलींचे संग्राहक त्याला आजही ‘ईशापूर स्क्रू’ म्हणतात. आपण एनसीसीत जी .२२ डिलक्स वापरतो ती याच कारखान्याची. त्या गावाचे नाव एका स्क्रूमुळे परदेशात पोचले, याचा मला तोफांपेक्षा जास्त अभिमान वाटतो. हसायचे तर हसा.

काही उस्ताद म्हणतात की कॅडेटने स्क्रूला हातच लावू नये. हे मला निम्मे पटते. ट्रिगरच्या आतल्या पिना, सिअर, स्प्रिंग यांना आपण हात लावू नये. तिथे पिनच्या जागी खिळा कापून ठोकलेला मी ऐकला आहे. खिळ्याचे लोखंड मऊ, ते वाकते, आणि मग रायफल कधी सुटेल ते कोणी सांगू शकत नाही. .२२ साठी तर कायदाच आहे: शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करता येत नाही. पण एअर रायफलचे स्टॉकचे स्क्रू, साइटचे स्क्रू, बट प्लेट, स्लिंगचा स्विव्हल ही कामे कॅडेटला शिकवलीच पाहिजेत. पसरलेली सर्क्लिप खोबणीत सैल बसते, चपटा झालेला स्प्रिंग वॉशर काही धरत नाही, एकदा उघडलेली स्प्लिट पिन परत वापरायची नसते, हे सांगायला पाच मिनिटे लागतात. घरी मुलाला एअर रायफल घेऊन देणाऱ्या पालकांनीही हे ऐकावे, कारण तिथे आर्मरर नसतो.

खर्चाचे कारण मला पटत नाही. कंपनीकडून मागवलेला स्क्रू महाग असतो आणि यायला वेळ लागतो हे खरे. पण तोवर ती रायफल रॅकवर राहील, चिठ्ठी लावून. स्पर्धेच्या आठवड्यात हे कोणाला आवडणार नाही, मलाही नाही.

माझी मागणी एवढीच आहे. कोतमधला तो मिसळलेला डबा रिकामा करावा. प्रत्येक रायफलच्या बट नंबरची एक कापडी पिशवी आणि एक कार्ड असावे. कार्डावर प्रत्येक स्क्रूचा व्यास, पिच, लांबी आणि किती न्यूटन-मीटरला कसायचा तो आकडा. बदललेल्या स्क्रूची तारीख आणि बदलणाऱ्याची सही. दहावीच्या परीक्षेनंतर आम्ही चार जण हे काम करायला तयार आहोत, व्हर्नियर फिजिक्स लॅबमधून मिळाला तर.