पायाचे वर्ष कोणासाठी?

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ॲनिमेशनच्या पदवीचे पहिले वर्ष पायाभूत शिक्षणाचे असते. चित्र चालते करण्यापूर्वी हात आणि डोळा घडवावा लागतो, हे त्यामागील तत्त्व. सेवाग्रामला ते नवे नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ पासून १९६२ पर्यंत येथे नई तालीममध्ये कला शिकवीत होते. तेथे कला हा प्रत्येक मुलाच्या शिक्षणाचा पाया मानला गेला. आज या पदवीचे शुल्क लाखांच्या घरात आहे आणि प्रवेशपरीक्षेतच रेखाटन तपासले जाते. ज्या शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नाही, तेथील शेतमजुराच्या मुलीने तेथवर पोहोचावे कसे? शिष्यवृत्ती तर हवीच. पण त्याआधी जिल्हा परिषदेच्या शाळांत कलाशिक्षक नेमले पाहिजेत. पायाचे खरे वर्ष तेथेच सुरू होते.