शेतकऱ्याचा वाटा

भाताच्या लोंब्या भरून दाणा पिवळा पडू लागला, की कोकणातील डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याची झोप रानडुकरांच्या स्वाधीन होते. एका रात्रीत भात तुडवून, सुरण व कणगर उकरून आणि केळीचे बुंधे आडवे पाडून कळप रानात परततो, आणि मागे उरलेल्या शेताचा पंचनामा नुकसानभरपाईची वाट पाहत सरकारी दफ्तरात पडून राहतो. अशा जनावराची गावाने मिळून पारध करावी, हाकाऱ्यांनी रान उठवावे, ठासणीच्या बंदुकीचा परवाना असलेल्याने मोक्यावर दबा धरावा आणि पडलेल्या डुकराचे वाटे घरोघर जावेत, ही रीत केवळ जिव्हालौल्यातून निर्माण झालेली नव्हती. बार काढणाऱ्यास मानाचा वाटा मिळे. परंतु ज्याच्या घरी बंदूक नाही, ज्याच्या खळ्यावर त्या वर्षी काहीच पडले नाही, त्याचीही चूल त्या दिवशी पेटे, आणि ताटातले मांस कोणत्या जिवाचे आहे व तो का मारावा लागला, हे पानावर बसलेल्या मुलांना कोणी निराळे शिकवावे लागत नसे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस बंदी केली, ती सर्वथैव आवश्यक होती. चित्ता तोवर या भूमीतून नामशेष झालाच होता. त्याच अधिनियमाचे कलम ११ उभ्या पिकास उपद्रव देणारे रानडुक्कर मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार वनाधिकाऱ्यांस देते. मात्र कलम ३९ अन्वये मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते, आणि ज्याचे वर्षाचे धान्य त्याने फस्त केले, त्या कुटुंबाचा त्याच्या तोळाभर मांसावरही हक्क राहत नाही. सरकारजमा झालेले खाण्याजोगे अन्न मातीत पुरायचे, हे मला अधर्म्य वाटते.

याहून अनिष्ट परिणाम असा, की अर्जविनंत्यांच्या खटपटीतून हाती काहीच लागत नसल्याने माणूस गुपचूप तारेची फासकी लावतो. फासकीला डुक्कर कोण व बिबट्या कोण हे कळत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या रानांत डुकरासाठी लावलेल्या फासक्यांत बिबटे तडफडून मेले आहेत. शिवाय चोरून मारलेले जनावर चोरूनच, तपासणीविना शिजते. जर्मनीत रानडुकराच्या मांसाची ट्रायकिनेला कृमीसाठी तपासणी झाल्याखेरीज ते कोणाच्या पानात पडत नाही. आपल्याकडे मात्र ज्या मांसाचे अस्तित्वच कायद्याच्या दृष्टीने गुन्हा, त्याची तपासणी कोणी आणि कशी करावी?

कलम ६२ खाली रानडुकरास उपद्रवी घोषित करून मोकाट शिकारीस मुभा देणे मला मान्य नाही. त्यापेक्षा कलम ३९ मध्येच अपवाद करावा: परवानगीने, बंदुकीने, शेताच्या हद्दीत मारलेले डुक्कर पंचनामा व पशुवैद्यकीय तपासणी होताच ग्रामपंचायतीमार्फत पीक गमावलेल्या कुटुंबांत वाटले जावे, त्याची विक्री दंडनीय असावी, आणि फासकी लावणाऱ्यास कोणतीही सवलत नसावी. ही दुरुस्ती संसदेच्या अखत्यारीतील आहे. कोकणच्या खासदारांनी ती येत्या अधिवेशनात मांडावी.