कंपवातात बुद्धीचीही तपासणी हवी

कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, केवळ शरीराच्या हालचालींचा आहे, ही समजूत जेम्स पार्किन्सन यांच्या 1817च्या निबंधाइतकी जुनी आहे; रुग्णाची बुद्धी शाबूत राहते, ही त्यांची नोंद पुढील संशोधनाने चुकीची ठरवली. या आजारात स्मरणशक्तीच्या आधी अनेकदा नियोजन, एकाग्रता आणि विचारांचा वेग ढासळतो. म्हणून 1975ची ‘मिनी मेंटल’ चाचणी जिथे काहीच दोष दाखवत नाही, तिथे 2005 साली प्रसिद्ध झालेली, मराठीतही असलेली 30 गुणांची ‘मोका’ चाचणी हा बदल लवकर टिपू शकते.

मात्र तीत घड्याळ व घन काढायचा असतो, अंक आणि अक्षरे क्रमाने जोडायची असतात. त्यामुळे जुन्नर तालुक्यातील बेल्ह्यासारख्या गावात, शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या वृद्धाचे गुण आजारामुळे घटले, थरथरत्या हातामुळे की अक्षरओळखीच्या अभावामुळे, हे एका आकड्यावरून ठरवता येत नाही आणि अल्पशिक्षितांना मिळणारा एक वाढीव गुण ती तफावत पुरेशी भरून काढत नाही.

यासाठी अल्पशिक्षितांकरिता बेतलेली ‘मोका-बेसिक’ वापरावी, औषधाचा अंमल असतानाच चाचणी घ्यावी आणि बाजारहाट, पैशांचा हिशेब, औषधांच्या वेळा रुग्णाला सांभाळता येतात का, हे घरच्यांना विचारावे. नैराश्य, थायरॉईडचे विकार, बी-12ची कमतरता आणि कंपासाठी दिले जाणारे, पण स्मृती मंदावू शकणारे ट्रायहेक्सीफेनिडिल यांचाही विचार निदानापूर्वी व्हायला हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत कंपवाताच्या रुग्णांची अशी वार्षिक तपासणी आरोग्य विभागाने सुरू करावी.