आरशातली ताकद

जिममध्ये नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती मारतोस?" साठ, ऐंशी, शंभर. कसं उचलतोस, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते हा दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय पहिल्याच्या उत्तराला काडीची किंमत नाही.

हिशेब अकरावीच्या फिजिक्सचा आहे. वीस किलोचं ओझं कमरेच्या मणक्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरलंत. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढतात. म्हणजे नुसत्या त्या ओझ्यापायी त्यांना १६० किलोचा जोर लावावा लागतो! तेच ओझं अंगाजवळ, २० सेंटिमीटरवर आणा. जोर ८० किलो. प्रोटीन पावडरशिवाय, फुकटात.

आमच्या दहिवलीकडे हे बघायला लॅब लागत नाही. आसपासच्या ठाकर-कातकरी वाड्यांवरच्या बायका डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरतात. मान, पाठ, कंबर एका रेषेत, ओझं थेट पायांवर. त्याच वाटेवर शनिवारी मुंबईचे ट्रेकर. सॅकचे पट्टे ढिले, बोजा पार ढुंगणावर लोंबतोय आणि माणूस पुढे वाकून धापा टाकतोय.

केनियातल्या बायकांवरचा एक अभ्यास १९८६ साली 'नेचर'मध्ये आला होता. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं डोक्यावर घेऊन चालताना त्यांना जादा ऊर्जा लागलीच नाही. (हे सगळ्यांना जमतं असं नाही, २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात तसं दिसलं नाही. शिवाय मोळी ही काही हौस नाही, मान दुखतेच. उगाच कौतुकाने फोटो काढत बसू नका.)

दुसऱ्या टोकाला 'छाती पुढे, खांदे मागे'वाले आणि त्यांचे ते पोश्चर बेल्ट. अहो, पोश्चर म्हणजे शाळेतलं 'सावधान' नव्हे! स्क्वॉटमध्ये धड पुढे झुकतंच, नाहीतर मागे आपटाल. बघायचं ते एवढंच, की बार पावलाच्या मध्यावर राहतोय का. पुण्यात अय्यंगार गुरुजी ठोकळे, पट्टे, दोर वापरून एकेकाला त्याच्या सांध्यांना झेपेल तसं रेषेत आणायचे. त्याला आमची पोरं 'म्हाताऱ्यांचा योगा' म्हणतात. असो.

पुढच्या वेळी ट्रेनर आणखी एक प्लेट चढवायला आला, की आधी त्याला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. बार पुढे गेलेला समोरच्या आरशात दिसत नाही.