हातात कोयता होता म्हणून खूनच ठरला का?

मंडळी, आज स्पष्टच लिहितो. कुणाला राग आला तर येऊ दे.

ऊसाच्या फडात दोघा मजुरांची भांडणं झाली, एकाचा जीव गेला, अशी बातमी आली की टपरीवर निकाल लगेच तयार असतो. "टांगा त्याला. असल्यांना वकील कशाला?" पुढं सेशन कोर्टात जन्मठेप लागली की विषय संपला. आणि त्यानं अपील केलं की म्हणायचं, बघा, पळवाट काढली!

अपील म्हणजे पळवाट असेल तर नाशिकचं प्रकरण आठवा. जून 2003. शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या कष्टकरी कुटुंबावर रात्री हल्ला झाला, पाच जणांचा जीव गेला. पकडले कोण? भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर. 2006 ला सेशन कोर्टानं सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 ला हायकोर्टानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. 2009 ला सुप्रीम कोर्टानं परत सहाही जणांना फाशी दिली. आणि 5 मार्च 2019 ला त्याच सुप्रीम कोर्टानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. प्रत्येकी 5 लाख भरपाई द्या म्हणून सरकारला सांगितलं. वाचलेल्या साक्षीदारानं पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चौघे ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. त्या सहांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता!

सोळा वर्षं गेली. ज्यांची माणसं मेली, त्यांना काय मिळालं? खरे गुन्हेगार मोकळेच राहिले. म्हणून सांगतो, अपील नीट चालणं हे मेलेल्याच्या घरच्यांच्या पण फायद्याचं आहे.

आता आपल्या फडाकडं या. इथं बऱ्याचदा प्रश्न "मारलं कुणी" हा नसतोच. प्रश्न असतो, ठरवून मारलं की अचानक पेटलेल्या भांडणात वार बसला? कायद्यात यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भारतीय न्याय संहितेत खुनाला कलम 103, म्हणजे फाशी नाहीतर जन्मठेप. सदोष मनुष्यवधाला कलम 105, त्यात मारायचा इरादा नसेल तर जास्तीत जास्त दहा वर्षं. ऊसतोड्याच्या हातात कोयता असतो तो कामाचा, त्यानं तो घरातून लपवून आणलेला नसतो. पण हे कोर्टात ठासून मांडायला वकील पाहिजे. गडी बीडचा, हंगाम संपला की बायकापोरं गावी, साक्षीदार पांगलेले, मुकादम हात वर करून मोकळा. मांडणार कोण?

चाळीस वर्षं भांडून आपण सर्किट बेंच आणलं. 18 ऑगस्ट 2025 पासून सहा जिल्ह्यांचं हायकोर्टाचं काम कोल्हापुरात चालू झालं. साखर वाटली, फटाके वाजवले. चांगलंच झालं. पण ते बेंच काय फक्त जमिनीच्या आणि कारखान्याच्या दाव्यांसाठी आणलं का? कळंबा जेलात बसलेल्या मजुराला मुंबई लांब होती. आता हायकोर्ट दारात आलंय, तरी त्याची फाईल हलली नाही तर त्याला काय फरक पडला?

मागण्या साध्या आहेत. एक, जन्मठेपेच्या अपिलांतली किती प्रलंबित आहेत आणि किती वर्षांची, हे जाहीर करा. दोन, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलानं सुनावणीआधी जेलात जाऊन कैद्याला भेटलंच पाहिजे, नुसत्या कागदावर केस चालवू नये. तीन, बार असोसिएशनच्या ज्येष्ठ वकिलांनी वर्षाला एक तरी असं अपील फुकट लढवावं. आंदोलनात पुढं होतात, आता इथं पण पुढं व्हा.

आणि तुमच्या ओळखीत कुणी असेल तर एवढं सांगा: निकालाची प्रत फुकट मिळते, वकील पण सरकारी खर्चानं मिळतो, आणि हायकोर्टात अपिलाची मुदत 60 दिवस आहे. उशीर झाला असला तरी कारण दाखवून अर्ज करता येतो. गप्प बसू नका.